हास्य क्लबाची सतरंजी

शेठनं माझ्या पोटावर थाप मारली. बाजारात कलिंगड वाजवून पाह्यतात तशी. अन् सगळ्याईकडे तोंड करून म्हणे, "हे पाहा, रेशनचा फुकटचा तांदूळ! तुमच्या लोकाईचं बरं हाय रे, सरकार पोसते. चला, हसा आता!"

सगळे हसले. दोन्ही हात वर करून. हो हो हो, हा हा हा.

हास्य क्लब होता तो. सकाळी मैदानात गोल उभं राहून जोरजोरात हसायचं, तब्येत चांगली राह्यते म्हणे. दुकानदार, ठेकेदार, एक रिटायर मुख्याध्यापक. अन् मधात मी. पन्नाशी उलटलेला ड्रायव्हर, शर्टाच्या बटना ताणलेल्या. शेठ माझ्यापेक्षा लहान. त्याच्या राईस मिलचा ट्रक मी चालवत होतो. तो मले 'अरे' म्हणे, मी त्याले 'जी' म्हणो.

सगळ्यात वाईट सांगू? मी बी हसलो. हात वर करून, हो हो हो. माझ्याच पोटावर.

तुम्ही म्हणान, मंग तिथी गेला काऊन? हौस नव्हती बावा. भेव होतं.

माझ्या मोठ्या भावाले शुगर. तो बी ड्रायव्हरच. अंगठ्याले फोड आला तर हळद लावून गाडीवर गेला. फोड काळा पडला. नागपूरले नेलं तवा डावा पाय गुडघ्याखालून कापूनच घरी आणला. आता भाऊ दारातल्या खाटेवर बसून राह्यते, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाकडे पाह्यते. तोंडाकडे नाई, पायाकडे.

मंग मले बी शुगर निघाली. पायाच्या बोटाले मुंग्या याले लागल्या. चालता चालता चप्पल निसटून मागं राहून जाय अन् मले पत्ता नाई. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण बाई चांगली होती. म्हणे, "भाऊ, वजन उतरवा. भात कमी करा, रोज सकाळी चाला. अनवाणी फिरू नका. नाहीतर तुमचाही पाय जाईल."

भात कमी करा! झाडीपट्टीत! इथी शेतातल्या बांधीत धान, घरात धान, ताटात भात. सकाळी शिळा भात, दुपारी भात, रातच्याले भात. माझा बाप दिवसभर चिखलात नांगर धरे, त्याले तो भात पचे. मी आयुष्यभर स्टेअरिंगच्या मागं बसलो अन् बापाएवढाच भात खात राह्यलो. चूक माझी हाय, नाई म्हणत नाई. बायको ज्वारीची भाकर थापाले शिकली. पहिल्या दिवशी तव्यावर भाकरीचे तुकडे तुकडे झाले. आम्ही दोघं ते तुकडे पाहून पोट धरून हसलो. ते हसणं वेगळं होतं.

पण चालाचं कुठी? पहिल्यांदा नहराच्या रस्त्यानं निघालो तर ओल्या मातीत वाघाचे पंजे. ताजे. आमच्याकडे त्याचं नवल नाई. वनखातं सांगूनच राह्यलं हाय का उजाडाच्या आत बाहेर निघू नका. डॉक्टरीण म्हणे सकाळी निघा, वनखातं म्हणे निघू नका. उजाडलं का मी गाडीवर. मंग राह्यलं एकच, शाळेजवळचं मैदान. त्याले भिंत हाय, लाईट हाय. नगरपंचायतीचं हाय, म्हणजे सगळ्याईचं हाय. पण आमच्या मोहल्ल्यातून तिथी कोणी जात नव्हतं. तिथी चालत ते सारे बूटवाले. मी चपलेवर गेलो, अन् शेठनं मले गोलात ओढलं.

त्याच दिवशी हसून झाल्यावर तो म्हणे, "उद्यापासून जरा लवकर येत जा रे. कडुनिंबाखालचा पाला झाडून सतरंजी टाकत जा. तुझाही व्यायाम होईल."

मालक हाय. म्हणलं, "हो जी."

मंग माझी सकाळ अशी. अंधारात जाऊन पाला झाडाचा, शेठची गाडी आली का तिच्यातून सतरंजी काढून टाकाची. ते प्राणायामाले बसले का मी बाजूले उभा. ते उठले का सतरंजी झटकाची, घडी कराची, शेठच्या गाडीत ठेवाची. तवरक उजाडून जाय अन् ट्रकची वेळ होऊन जाय. चालणं कुठी गेलं? पोट तसंच. मुंग्या तशाच. मी वाकलो का मागून कोणीतरी म्हणे, "सांभाळ रे, आडवा होशीन!" अन् पुन्हा हो हो हो. कायचा क्लब! माझ्या जिवावर हसून राह्यले होते लेकाचे.

सतरंजीवर चप्पल चालत नव्हती. "मळते," शेठ म्हणे. मी चप्पल काढून झाडाखाली ठेवो. एक दिवस घडी करून घरी आलो तर बायको ओरडली, "अवो, हे काय जी? रगत!" चप्पल रगतानं भरली होती. तळपायात बाभळीचा काटा, खोल रुतलेला. मी त्याच पायानं घरापर्यंत आलो होतो. मले दुखलंच नाई.

दुखलं असतं तर बरं झालं असतं.

बायकोनं काटा काढला. खाटेवरून भाऊ पाहून राह्यला होता. नेहमीसारखा पायाकडे. मंग पहिल्यांदा त्यानं वर पाह्यलं.

"मैदान झाडतं म्हणे तू?"

मी पायाले फडकं गुंडाळत राह्यलो.

"आजा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तवा पाटलाचं बोलावणं आलं होतं. चावडी झाडाले ये म्हणून. आजा गेला नाई. पाटलानं काम बंद केलं, घरात चूल पेटली नाई. तरी गेला नाई. त्या दिवशी आपल्या घरातून झाडू सुटला. अन् तू हसत हसत उचलला."

चावडीची गोष्ट मी लहानपणापासून आयकली होती. दरसाली विहारात कोणी ना कोणी सांगते. मान डोलवून घरी येत होतो. त्या दिवशी ती माझ्या अंगावर आली. लाज वाटली मले. संताप आला. शेठचा आला, माझा जास्त आला. आज्यानं उपाशी राहून जे सोडलं, ते मी व्यायाम समजून करून राह्यलो होतो!

भावानं खाटेखालून बुटाची जोडी काढली. त्याचीच. "घाल," म्हणे. "मले कायले लागते आता?"

जखम भरली तसा मी ते बूट घालून मैदानात गेलो. सतरंजी शेठच्या गाडीतच पडून होती. शेठ कडुनिंबाखाली पाल्यात उभा.

"सतरंजी काऊन टाकली नाई रे?"

"मी चालाले आलो, शेठ." 'जी' तोंडातून निघालंच नाई.

"डोकं फिरलं का? पोट पाह्य आपलं! तुम्हाले जरा जवळ केलं का डोक्यावर बसता. किल्ली ठेव ट्रकची."

खिशातून किल्ली काढली. त्याच्या गाडीच्या बोनटवर ठेवली अन् चालाले लागलो. घरी काय सांगू हा विचार होता, पण पाय थांबले नाई. मागं हो हो हो सुरू झालं. क्लबाचं होतं का माझ्यावर होतं, मी वळून पाह्यलं नाई.

पक्की गाडी अजून भेटली नाई. कोणी बदली ड्रायव्हर म्हणून बोलावलं तर जातो. पोट हाय, थोडंसं उतरलं. मुंग्या हाय. डॉक्टरीण म्हणे वेळ लागेल. लागू दे. रोज जातो. बायको बी येते आता, लुगड्यावर बूट घालून. आम्ही भिंतीच्या कडेनं चालत नाई. त्याहीच्या गोलाच्या अगदी जवळून जातो.

गाडी गेली, दुसरी पाहीन. पाय देणार नाई. झाडू घेणार नाई. अन् माझ्या पोटावर थाप माराले पुन्हा कोणी हात पुढं केला, तर तो हात मनगटात धरीन.

हसत नाई आता मी.