आधी घाल, मग काढ

बसंतीबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यावरच्या शाळेत मी एकोणीस वर्षं होतो. फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी मागून त्या तांदळाचं टोपलं घेऊन येताहेत हे कळायचं. दोन्ही कानांशी केसांत गुंफलेला टोपली नावाचा चांदीचा दागिना आणि त्याला लोंबणाऱ्या बारीक घुगऱ्या पावलागणिक वाजायच्या. त्या शाळेत खिचडी शिजवत. मुलं त्यांना याडी म्हणत, म्हणजे आई.

त्यांच्या बंजारा समाजात लग्नात टोपली बांधतात आणि नवरा गेला की बायका ती उतरवतात. मधे कधीच नाही.

मागच्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी त्यांच्या सुनेचा, पुष्पाचा फोन आला. "गुरुजी, बापूचं पोट लय फुगलं. पुसदले आणलं. तुमी येता काय?" निवृत्तीनंतर मी पुसदलाच राहतो. लगेच निघालो.

बसंतीबाईंचे नवरे रामधन दवाखान्यात खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. तीन दिवस ओवा आणि सोड्यावर काढलेले. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय. यवतमाळला न्यायचं तर अडीच तास, वर तिथे नंबर लागेपर्यंत रात्र होईल, तेवढा धीर धरता येणार नाही. चारला ऑपरेशन करू, भूल देणारे डॉक्टर बाहेरून बोलावतो. चाळीस हजार तेवढे तीनपर्यंत भरा.

पुष्पाने पिशवीतून सरकारी योजनेचं कार्ड काढलं. काउंटरवरच्या मुलीने ते दोनदा पाहिलं. आधारवर रामधन, कार्डावर रामदास.

"हेच हायत ते," पुष्पा म्हणाली.

"मला पटतंय ताई, पण कॉम्प्युटरला पटत नाही. दुरुस्ती सोमवारी होईल."

पुष्पाचा नवरा शाम पुण्याला कंपनीत. त्याने मित्रांकडून जमवून नऊ हजार मोबाइलवर पाठवले. माझ्याकडचे सहा धरून पंधरा झाले. घरी वेचलेला कापूस होता, पण व्यापाऱ्याची गाडी सोमवारी येणार होती. अकरा वाजून गेले होते.

बसंतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा हात कानाकडे गेला आणि परत मांडीवर आला. पुष्पाने ते पाहिलं.

"नाई याडी. ते नोका काढू."

"मंग काय इकू? बकऱ्या इथं आणल्या काय म्या?"

नानाजी सोनारांचं दुकान बाजारात आहे, आम्ही तिघं तिथे गेलो. त्यांनी काच लावून टोपली पाहिली. "जुनं काम हाय. काढून द्या बाई, तोलतो."

"डोक्यावरच तोला."

"डोक्यासकट तोललं त भाव कायचा लावू?"

कोणी हसलं नाही. नानाजींनी काच खाली ठेवली. बसंतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "पाच मिनिटं डोकं रिकामं राह्यलं, अन् तेवढ्यात तिकडं काही झालं त? लोक सोडा, मीच मले काय म्हणन?"

पुष्पाने स्वतःचं डोकं चाचपलं. तिथे प्लास्टिकची क्लिप होती. तिच्या वयाच्या मुली टोपली बांधत नाहीत.

नानाजींनी तराजू बाजूला सारला. मग म्हणाले, "बाई, माह्याकडे मंगळसूत्र गाठायले येतात ना, त्या बाया आधी गळ्यात हळदीचा दोरा बांधतात. मंगच पोत सोडतात. आधी घाल, मंग काढ. गळा एक मिनिट बी रिकामा नाई राहत."

बसंतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला शाळेचं गॅदरिंग आठवलं. बंजारा नाचासाठी मुलींना गिलटाची टोपली आम्ही दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून भाड्याने आणायचो. मी ते सांगताच पुष्पा धावत गेली आणि एकशेवीस रुपयांना जोडी विकतच घेऊन आली.

दुकानाच्या मागच्या खोलीत तिने आधी गिलटाची बांधली आणि मग जुनी सोडायला घेतली. अडतीस वर्षांचा दोरा तेलाने केसांशी एकजीव झालेला. उजवी सुटायलाच अर्धा तास लागला. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला. डावीची शेवटची गाठ हातात असताना पुष्पाचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. पुष्पाची बोटं थांबली.

"उचलू नोको," बसंतीबाई म्हणाल्या. "आधी गाठ सोड."

फोन वाजून वाजून बंद पडला. गाठ सुटली. पुष्पाने परत फोन लावला, तेव्हा बसंतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. दवाखान्याला रामधनचा रक्तगट हवा होता, एवढंच.

नानाजींनी सव्वीस हजार दिले. तीनला दहा कमी असताना पैसे भरले. सव्वाचारला ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं.

गिलटाची टोपली हलकी, बिनघुगऱ्यांची, सारखी सरकायची. ती पडू नये म्हणून बसंतीबाई दोन्ही हातांनी धरून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, बाईने कान झाकून घेतलेत. पुष्पाने पाणी पुढे केलं, तर हात सुटेल म्हणून तेही घेतलं नाही. अडीच तास त्या तशाच होत्या. डॉक्टर बाहेर येऊन "जमलं, पण आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल" म्हणाले, तेव्हाही हात खाली आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं. रामधनचे डोळे मिटलेले होते. बसंतीबाई खाटेपर्यंत गेल्या तरी रामधननी मान वळवली नाही. अखेर बसंतीबाईंनी त्यांच्या हाताला हात लावला.

"तू हाय काय? मले वाटलं नर्स आली." मग त्यांची नजर केसांकडे गेली आणि तिथेच राहिली. "वाजत नाई."

"नाई वाजत."

"मंग मी मेलो काय?"

"तसं असतं त हे तरी कायले बांधली असती?"

रामधननी सुई टोचलेला हात हळूहळू वर नेला आणि बोटाने गिलटाला टिचकी मारली. "पत्र्यावानी वाजते."

"वाजू द्या," बसंतीबाई म्हणाल्या, आणि सरकलेली टोपली त्यांनी पुन्हा कानाशी नीट बसवली.