वहिनींच्या पाढ्यांची फ्लॉपी

मळवलीहून पार्वतामावशींचा फोन आला. "बापू, भाऊ गेलं वो. चहाला हाक मारली, उटलंच न्हाईत…" मावशी मधुभाऊच्या घरी स्वयंपाकाला होत्या, आणि मधुभाऊ माझा चाळीस वर्षांचा मित्र. फोन ठेवून मी बराच वेळ चष्मा शोधत राहिलो. तो डोळ्यांवरच होता.

निवृत्तीनंतर भाऊने एक खूळ घेतलं होतं. कॉम्प्युटरच्या जुन्या फ्लॉप्यांत अडकून पडलेले प्रोग्राम सोडवायचे. आमच्याकडच्या ओलीत लोणच्याला येते तशी बुरशी फ्लॉपीलाही येते. तो आवरण कापून आतली तबकडी साबणाच्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि नव्या आवरणात घालून वाचायचा. कुणाकुणाची कामं केली त्याने! राहिली होती ती फक्त सुनंदावहिनींची, त्याच्या बायकोची फ्लॉपी. वहिनी लोणावळ्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलांना पाढे शिकवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. पाढा चुकला की पडद्यावर त्यांचं दटावणं उमटायचं. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली होती. "तिचं रागावणं तेवढं त्यात उरलंय," भाऊ म्हणायचा. "आधी हात नीट बसू दे, मग तिची." त्याच्या या चालढकलीचा मला रागच यायचा.

गेल्या पावसाळ्यात तो आठवडाभर तळेगावला दवाखान्यात होता. किल्ली माझ्याकडे. मावशी म्हणाल्या, "लय ओल हाय. कपाटात बलप लावा, समदी लावत्यात." माझ्याही घरी लावतो आम्ही. वहिनींची फ्लॉपी मी मुद्दाम बल्बच्या अगदी जवळ ठेवली, चांगली ऊब मिळावी म्हणून. शहाणाच मी! भाऊ परतला तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी वाकली होती. त्याने दोन दिवस खटपट केली. एक अक्षर मिळालं नाही. मला मात्र एवढंच म्हणाला, "मावशींना चहा टाकायला सांग…"

त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

तेराव्यानंतर त्याची खोली आवरायला गेलो. टेबलावर त्याची कामाची वही होती. प्रत्येक फ्लॉपीची नोंद, आणि वाचता आली नसेल तर त्याचं कारण. यात तो कुणाची भीड ठेवायचा नाही. 'मालकाने उन्हात ठेवली', 'मालकाने चुंबकाजवळ ठेवली' असं सरळ लिहायचा आणि मालकालाच वाचून दाखवायचा. मी धीर करून शेवटचं पान उघडलं. वहिनींचं नाव होतं. पुढे त्याच्या नीटस अक्षरात कारण: 'माझा उशीर.'