गुडघे जुळवू नका

सिंदीत लोक मला "पाय फाकवायला शिकवणारी बाई" म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गाव एवढंसं, की पाठीमागचं बोलणं पुढे यायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागत नसे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन रडले. पुढे सवय झाली, आणि त्याच्याही पुढे चक्क अभिमान वाटू लागला. तो अजून आहे. माझं काही चुकलं नव्हतं, हे आज मी छातीठोकपणे सांगते. चुकलं होतं ते त्याच्या आधी, तेही सांगते.

मी मूळची हिंगणघाटची. सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा सिंदी रेल्वे या गावातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. वय पंचवीस, गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला आणि डोक्यात फक्त खो-खो. शाळेकडे काळ्या मातीचं मैदान आणि दोन लाकडी खांब, एवढंच होतं. पण पोरी होत्या! शाळेआधी विहिरीवरून पाणी भरणाऱ्या, दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर कापूस वेचणाऱ्या. त्यांना पळायला शिकवावं लागत नव्हतं. थांबायला आणि वळायला शिकवावं लागत होतं. हे मला उशिरा कळलं, आणि त्याचा भुर्दंड माझ्याऐवजी एका पोरीला बसला.

ती आमची कॅप्टन, दहावीतली. माझ्या दुसऱ्या वर्षी, साध्या सरावात, ती खांबाकडे सुसाट आली. उजवा पाय खांबाजवळ रोवला आणि सगळं अंग डावीकडे फिरवलं. अंग फिरलं, पाय तिथेच राहिला. काहीतरी तुटल्याचा आवाज मी पंधरा पावलांवरून ऐकला. कुणी तिला ढकललं नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. दोन्ही हातांनी गुडघा धरून ती खाली बसली आणि म्हणाली, "बाई, आतमंधी काईतरी तुटलं."

आम्ही मुरगळलं समजून गरम हळदीचा लेप लावला. गावातल्या हाडं बसवणाऱ्याने तेल लावून पाय ओढला. महिन्याभराने वर्ध्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि सांगितलं, हाड शाबूत आहे. पण मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारी एक दोरी असते, ती तुटली आहे. ती आपली आपण जुळून येत नाही. सूज उतरली, पोर चालू लागली, पण चालता चालता गुडघा दगा देई. डोक्यावर हंडा घेतला की पाय सटकन निसटे. बापाने तिला शाळेतून काढलं. मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आई मला पाहून आत निघून गेली, आणि ते बरोबरच होतं.

"नशीब," हेडमास्तर म्हणाले. स्टाफरूममध्ये सगळेच म्हणाले. या शब्दाची मला मुळातच चीड आहे. नशीब म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. मुलांच्या शाळेतली पोरं तशाच मातीत खेळत, आपटत, डोकी फोडून घेत. पण कुणी न शिवता गुडघा जावा, हे मी पोरींतच पाहिलं होतं. हिंगणघाटला मी स्वतः खेळत होते तेव्हा एकीचा, आणि आता इथे. मग मी शिट्टी खिशात टाकली आणि आठवडाभर नुसती पोरींचे पाय पाहत बसले.

पण दिसणार काय, कपाळ! खेळायला पोरी ढगळ पांढऱ्या सलवारी घालत. हाफपँट म्हटली असती तर दुसऱ्या दिवशी मैदानावर एक पोर उरली नसती. शेवटी मी पोरींना सांगितलं, वेण्यांच्या लाल रिबिनी सोडा आणि सलवारीवरून, बरोबर गुडघ्यावर बांधा. पोरी हसून हसून लोळल्या. मग एकेकीला व्हरांड्याच्या ओट्यावरून खाली उडी मारायला लावली, आणि तेव्हा मला दिसलं. पोरीचे पाय जमिनीला लागले रे लागले, की दोन्ही रिबिनी आत झुकत आणि एकमेकींना टेकत. एकीच्या नाही, जवळजवळ सगळ्यांच्या. खांबाजवळ वळतानाही तेच. पाय रोवलेला, गुडघा आत कोसळलेला आणि वर सगळ्या अंगाचा भार. कॅप्टनचा गुडघा असाच गेला असणार.

आणि का, तेही मला तिथेच उमगलं. पोर चालायला लागली की आपण तिला पहिला धडा काय देतो? पाय जुळवून बस. पाय जुळवून उभी राहा. बैलबंडीतून उतरताना पाय जुळवून उतर. खो-खोच्या चौकोनात उकिडवं बसताना कॅप्टनचे गुडघे फाकले, की "गुडघे जुळव!" म्हणून मैदानभर ओरडणारी मीच होते. मोठे डॉक्टर याची आणखी कारणं सांगतील, कमरेच्या हाडाची, मांडीच्या जोराची. सांगोत, माझी ना नाही. माझ्या मैदानावर मला हे दिसलं, आणि जे मी शिकवलं होतं ते मलाच पुसायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी उलटं ओरडू लागले. गुडघे जुळवू नका! गुडघा पायाच्या बोटांच्या वर, सरळ रेषेत ठेवा. उडी मारलीत तर दोन्ही पायांवर, वाकून, आवाज न करता उतरा. खांबाशी एकच पाय रोवून गरकन फिरू नका, तीन छोटी पावलं टाका आणि वळा. खेळाआधी एका पायावर उभं राहून शंभर आकडे मोजा. मैदानातल्या भेगा रोज मुरूम घालून बुजवा. पोरी कंटाळत, कुरकुरत, पण करत. कुंपणाबाहेरचे रिकामटेकडे गुडघ्यावरच्या रिबिनी पाहून दात काढत. मला मिळालेली पदवी तेव्हाची.

पुढच्या वर्षी संघात नववीतली एक पोर होती. खांबावरची, म्हणजे खांबाशी पळतीला गाठणारी म्हणून मी तिला कॅप्टनच्या जागी तयार करत होते, आणि खरं सांगायचं तर ती कॅप्टनहून चपळ होती. आम्ही जिल्ह्यात पहिले आलो ते तिच्यामुळे. पंधरा दिवसांवर नागपूरला विभागीय सामने होते, आणि नेमकी तेव्हाच ती यायची बंद झाली. पहिल्या दिवशी वाटलं ताप असेल. तिसऱ्या दिवशी निरोप आला की आई पाठवत नाही. तिच्या घरी शब्द आईचाच चाले. त्या पोरीला खेळायला मिळणार की नाही, यावर माझं सगळं अडलं होतं. ती आली नसती तर तिच्यामागे दुसरी, तिसरी अशा सगळ्याच गळाल्या असत्या, आणि मुलींचा खो-खो त्या शाळेतून गेला असता. हेडमास्तर तर वाटच पाहत होते.

मी जाणार तेवढ्यात आईच आली. संध्याकाळी, वावरातून परतताना, डोक्यावर कापसाचं हे एवढं गाठोडं. तरातरा मैदानात आली, गाठोडं माझ्या पायाशी आदळलं आणि सगळ्या पोरींदेखत सुरू झाली.

"काऊन वो बाई, पोरीयले काय शिकवून राह्यल्या तुमी? पाय फाकवाले? माही पोट्टी घरी बी तशीच उभी राह्यते. तिची आत्या म्हने, हे का पैलवान हाये का?"

"काकू, मी तिचा गुडघा वाचवायला..."

"गुडघा! मागच्या साली त्या पोरीचा गेला, थो बी तुमच्याच मैदानात गेला. आता तिले पाव्हने पाहाले आले तं तिची माय म्हन्ते, चालून नको दाखवू, बसूनच राह्य. माह्या पोरीचा पाय गेला तं तिले घरात कोन घेइन? तुमी घेसान का?"

 राग आला की माझी पुस्तकी मराठी गळून पडते; त्या वेळी राग नव्हता, तरी ती गळून पडली. मी एवढंच म्हणाले, "खरं हाये काकू. थो माह्याच हातून गेला. म्हनूनच हे चालू हाये." तिला ते अपेक्षित नव्हतं.  तिने पदर सावरला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, "मले नाई पटत. हात लावा जरा, उशीर झाला."

मी गाठोड्याला हात लावला. ती खाली बसली, आम्ही ते तिच्या डोक्यावर ठेवलं आणि ती उठू लागली. दोन्ही पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर. गुडघे बाहेर, बरोबर बोटांच्या वर. पाठ सरळ. नऊवारीचा काष्टा असल्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. मी जे महिनोन्महिने घसा फोडून सांगत होते, ते ही बाई डोक्यावर कापूस घेऊन करत होती.

"थांबा!" मी ओरडले. "काकू, अशाच थांबा! हलू नका!"

"काय झालं? साप हाये का?" अर्धी बसलेली, अर्धी उठलेली, ती तशीच थबकली.

"पोरींनो, इकडे या. काकूंचे गुडघे पाहा. कुठे आहेत?"

सगळ्या पोरी भोवती जमल्या. बाई डोक्यावर गाठोडं घेऊन अधांतरी, तोंडाने मला शिव्या घालतेय, आणि मी तिच्या पायाशी बसून बोटाने दाखवतेय. तिचीच लेक कुंपणाबाहेर उभी होती. तिने ते पाहिलं आणि फिसकन हसली.

"आता काकू, गुडघे जुळवा आणि उठून दाखवा."

"येडी झाली का बाई? गुडघे जुळवून वझं कसं उचलन? पायच मोडन नं!"

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं.  ती सावकाश पूर्ण उठली, एकदा स्वतःच्या पायांकडे पाहायचा प्रयत्न केला, पण डोक्यावरच्या भारामुळे मान वाकेना. मग जायला वळली. मी पाहिलं, वळतानाही तीन छोटी पावलं. कुंपणाशी पोचल्यावर मागे न पाहता म्हणाली, "उद्यापासून येइन माही पोट्टी. पन बाई, दोन पायांवर नेऊन राह्यल्या, दोन पायांवरच आनजा."

नागपूरला आम्ही तीन सामने जिंकलो आणि शेवटचा हरलो. एका गुणाने. तो गुण कसा गेला ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. वेळ संपत आलेली, समोरची पळणारी पोर खांबाला वळसा घालून निसटत होती, आणि आमची खांबावरची तिच्या मागे. पाय रोवून गरकन फिरली असती तर बहुतेक हात लागला असता. तिने तीन पावलं टाकली. तेवढ्यात ती पोर निसटली आणि शिट्टी झाली. शेजारच्या शाळेच्या शिक्षिका मला म्हणाल्या, "तुमची मुलगी ऐन वेळी कचरली." मी म्हटलं, "कचरली नाही, शिकवलेलं केलं तिने." बोलताना माझा आवाज ठणठणीत होता. पण विजेत्यांची ढाल दुसऱ्यांच्या हातात जाताना पाहिली तेव्हा आतून मी पार खचले होते, हेही लिहून ठेवते. मीच ती ढाल घालवली, असं मला वाटत होतं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये पोरी रडून रडून दमल्या. खांबावरची खिडकीशी तोंड करून बसली होती. बुटीबोरी गेल्यावर तिने मला विचारलं, "बाई, मी फिराले पायजे होतं का?" मी म्हटलं, नाही. तिला ते पटलं की नाही, कोण जाणे.

सिंदीला गाडी थांबली तेव्हा अजून ऊन होतं. फलाटावर तिची आई उभी होती. पोर पिशवी घेऊन खाली उतरली आणि मान खाली घालून उभी राहिली. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली बसली आणि सगळ्या फलाटादेखत, बाजारात गोऱ्हा घेताना चाचपतात तसे, तिचे दोन्ही गुडघे सलवारीवरून दाबून पाहिले. आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा. पोर लाजेने मेली.

"हारल्या म्हन्ते?" उठता उठता तिने मला विचारलं.

"हरलो काकू. एका गुणानं."

"हारू द्या," ती म्हणाली. लेकीच्या हातातली पिशवी घेऊन दोन पावलं चालली, थांबली. "बाई, धाकटी जूनमंधी आठवीत येऊन राह्यली. तिले बी घेजा."

नागपूरपासून दाबून ठेवलेलं रडू मला तिथे फलाटावर आलं. पोरी घाबरून माझ्याभोवती गोळा झाल्या. मी काकूंकडे पाहून मान हलवून हो म्हटलं.