भुऱ्याच्या वहीतले नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववी 'ब'च्या वर्गावर होते. फळ्यावर त्रिकोण काढून झाला होता, कोपऱ्यांना नावं द्यायची बाकी होती. तासाला मी फोन घेत नाही, पण लागोपाठ तीनदा वाजला म्हणून व्हरांड्यात आले. सुमनकाकूंचा भाचा धुळ्याच्या हॉस्पिटलमधून बोलत होता. "मॅडम, नाना गेले," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला, वर्गात जाऊन त्रिकोणाला नावं दिली आणि उरलेला तास शिकवला. शेवटी एका मुलीने हळूच सांगितलं, की बाई, दोन कोपऱ्यांवर एकच अक्षर आलंय... तेव्हा कुठे मी खडू खाली ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस माझ्या ओट्यावर उकिडवा बसून माझ्या कुत्र्याच्या बगला तपासत होता. आज इतके दिवस झाले तरी माझ्या मनाने ते 'बरं' मागे घेतलेलं नाही.

नाना आमचे नात्याचे कुणी नव्हेत. दोंडाईच्याला आमच्या गल्लीत दोन घरं सोडून ते आणि सुमनकाकू राहायचे. जनावरांच्या दवाखान्यात नाना पट्टीबंधक होते. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, लाथा खायच्या. रिटायर झाल्यावरही लोक कुत्री-मांजरं घेऊन त्यांच्या दारात यायचे. कुणी 'डॉक्टरसाहेब' म्हटलं की मात्र चिडायचे. औषध डॉक्टरच देणार, मी फक्त बघणार, असं ठणकावून सांगायचे. आणि बघायचे मात्र असे, की बघतच राहावं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. भुऱ्या, माझा गल्लीतून घरात आलेला कुत्रा, दुसऱ्या वर्षी खाजवून खाजवून अर्धा झाला. पंजे चावायचा, कान झाडायचा, पोटाखालचे केस गेले. शेजारच्या एका शहाण्याने गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून त्याच्या अंगाला फासलं आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, शेजारी उभी राहून वाटी धरली. कुठून तरी नानांना कळलं. तणतणत आले. "ऑइल गाडीले टाकतस, जीवले नही!" असं ओरडून त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, साबणाच्या कोमट पाण्याने भुऱ्याला तीनदा धुतलं आणि मग शांतपणे, स्वतःचे हात पुन्हा स्वच्छ धुऊन, त्याच्यासमोर बसले. आधी त्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून रंग पाहिला. खाज अंगावर असताना डोळ्यात काय बघता, मी विचारलं. म्हणाले, "खाज रोग नही शे मॅडम, सांगावा शे. कोठून येल शे ते देखनं पडस." मग फणी फिरवून निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या रुमालावर झटकला. पिसवांच्या विष्ठेतल्या रक्ताचे तांबडे डाग उमटले नाहीत, म्हणजे पिसवा नाहीत. मग पंजे, बगला, कान. आणि शेवटी तो त्यांचा ठरलेला प्रश्न, "कितला दिन व्हयनात?"

"झाले असतील महिना-दोन महिने," मी म्हटलं.

"असतील?" नानांनी मान वर केली. "तुम्ही गणित शिकाडतस ना पोरेसले?"

लाज वाटली. त्याच दिवशी शंभर पानी वही आणली. तारीख, कुठे खाजवलं, दहापैकी किती, पोटात काय गेलं, असे रकाने आखले. नानांनीच आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ॲलर्जीचं निदान केलं, औषध दिलं आणि सांगितलं, की आठ आठवडे याला एकच अन्न द्या, पूर्वी कधी न खाल्लेलं. बाहेरचा एक घासही नको. ठरलं भात आणि उकडलेला मासा. माझ्या शाकाहारी स्वयंपाकघरात मासा कसा शिरणार? मग भात माझा आणि मासा नानांच्या परसातल्या तीन विटांवर, अशी वाटणी झाली.

तीन आठवडे गेले तरी खाज सहाच्या खाली उतरेना. मी औषधाला नावं ठेवायला लागले. नाना मात्र रोज संध्याकाळी वही मांडीवर घेऊन बसायचे. एक दिवस त्यांचं बोट एका जागी थांबलं. मधल्या चार-पाच ओळींत आकडे खाली आले होते, दोन-तीनवर, आणि पुन्हा चढले होते. "आठे काय व्हयनं?" इथे काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी आठवू लागले आणि नानांनाच आधी आठवलं. त्या आठवड्यात सुमनकाकू एरंडोलला बहिणीकडे गेल्या होत्या! चौकशी केली तर काकू रोज सकाळी पहिली भाकर दुधात कुस्करून भुऱ्याला घालत होत्या, नवरा मागच्या दारी मासा उकडत असताना पुढच्या दारी. "पहिली भाकर कुत्राले नही देवानी का मंग?" असं त्यांनीच आम्हाला दरडावलं. नाना हसून हसून खोकले. शेवटी पहिली भाकर गायीला द्यायची ठरली. भुऱ्याची खाज पुरती गेली नाही. ती जात नसते, सांभाळायची असते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण पोटावर केस आले, तो शांत झोपू लागला. वही चालूच राहिली आणि नानांचं संध्याकाळचं येणंही.

आता जे सांगायचंय ते अवघड आहे.

दिवाळीनंतर नाना स्वतः खाजवू लागले. आधी दंड, मग पाठ ओट्याच्या खांबाला घासायचे. मग तळहात. मग चप्पल काढून तळपाय पायरीच्या कडेला घासत बसायचे. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, काही नाही. मी त्यांची थट्टा करायचे. कुत्र्यांची सेवा केली, आता मेवा मिळतोय, म्हणायचे. तळपाय खाजले की प्रवास घडतो म्हणतात, तर नाना, काकूंना न सांगता कुठे निघालात? ते हसायचे. "थंडी शे, कातडी कोरडी पडी जायेल शे," म्हणायचे आणि खोबरेल तेल चोळायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर कायम असायचा. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची पापणी ओढून पाहणाऱ्या या माणसाची पापणी कुणी ओढून पाहिली नाही.

संक्रांतीला भाचा आला, त्याच्यासमोर नानांनी तोंड धुवायला चष्मा काढला आणि तो दचकला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्याच दिवशी धुळ्याला नेलं. पित्ताच्या नळीवर गाठ होती. पित्त तुंबून रक्तात मिसळत होतं आणि खाजत होतं ते पित्तामुळे. तिथल्या डॉक्टरांनी काकूंना विचारलं, खाज किती दिवसांपासून आहे? काकू म्हणाल्या, झाले असतील महिना-दोन महिने... हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. पुढे जंतुसंसर्ग झाला, आणि तीन आठवड्यांत नाना गेले.

तेराव्याला, पानं उठल्यावर, काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांना एकच गोष्ट खात होती. "तुले काही बोलनात का वं त्या? कुठे दुखस, काही व्हस, असं काही?" मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं ते, नाना कधीच काही बोलले नाहीत. पण घरी येऊन मी भुऱ्याची वही उघडली. समासात सगळं होतं. माझ्याच अक्षरात, लाल पेनाने, गंमत म्हणून. 'नानाही खाजवतायत, साथ आली!' दहा-बारा दिवसांनी, 'नानांना आंघोळ घालणे.' मग 'नाना - तळहात.' मग 'नाना - तळपाय. प्रवासयोग!' पुढे उद्गारचिन्ह आणि एक हसरा चेहरा. शेजारच्या रकान्यांत भुऱ्याच्या तारखा होत्या. पहिल्या नोंदीपासून संक्रांतीपर्यंत मी दिवस मोजले. अडुसष्ट. धुळ्यात कुणालाच देता आलं नाही ते उत्तर माझ्या घरात खिळ्याला टांगलेलं होतं. ज्या वहीने काकूंची दुधातली भाकर पकडली, त्या वहीत मी नानांना समासात टाकलं होतं. लवकर कळलं असतं तर ते वाचले असते का? एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. या उत्तराने मला काहीच बरं वाटलेलं नाही.

बरेच दिवस काकूंच्या दारावरून मी मान खाली घालून शाळेत जात होते. हा लेख लिहायला घेतला आणि कळलं, की काकूंच्या आधी पेपरवाल्यांना सांगणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे. गेल्या रविवारी वही घेऊन गेले. भुऱ्या मागोमाग आला. काकूंना चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही म्हणून समासातल्या ओळी मीच वाचून दाखवल्या, हसऱ्या चेहऱ्यासकट. काकू भिंतीकडे बघत होत्या. परसातल्या तीन विटा तशाच होत्या. मग काकू म्हणाल्या, "मी तं रोज पाठ खाजाडी देऊ त्यासनी. ह्याच हाते. मालेच समजनं नही, तं तुले काय समजी?" आणि स्वतःच्या नखांकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या मला रागावतील. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

काय करावं सुचेना म्हणून मी मोरीत जाऊन हात धुतले आणि सवयीने भुऱ्याची पापणी ओढून पाहिली. गुलाबी होती. वहीत लिहायला पेन उघडलं तेवढ्यात काकू सरकून माझ्यासमोर येऊन बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान वर केली. "मना बी डोया देखी ले," म्हणाल्या.

मी पुन्हा उठले. नाना प्रत्येक वेळी धुवायचे तसे पुन्हा हात धुतले. मग काकूंची पापणी अंगठ्याने हळूच खाली ओढली. बराच वेळ पाहिलं. नंतर तारीख टाकून लिहिलं, समासात नाही, ओळीवर: सुमनकाकू, डोळा स्वच्छ.