खोबरेल तेल लावलेला डॅशबोर्ड

गाडीची किल्ली हातात घेतली की अजूनही मी दारातच थबकतो. घरच्यांना वाटतं, वय झालं. वयाचा त्यात काही संबंध नाही. खरं काय ते मी घरात बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आमच्या वाट्याला कंपाउंडच्या भिंतीजवळची उघडी जागा आली. दुपारचं ऊन एकदा काचेवर आलं की मावळेपर्यंत हलत नाही. गाडी जुनी होत गेली तशी एका उन्हाळ्यात डॅशबोर्डवर, काचेलगतच्या जाळीपाशी, केसाएवढी चीर दिसली. पावसाळा संपेपर्यंत तिच्यात नख जायला लागलं.

काचेला आतून पडदा लावायचा, ऊन अडवायचं, ओल्या फडक्याने धूळ पुसायची, एवढंच करायला हवं होतं. आज मी तेच करतो. तेव्हा मात्र मला वाटलं, कोरडं पडलं की तडकतं. लहानपणी थंडीत टाचा फुटल्या की आई खोबरेल चोळायची. मी तोच न्याय डॅशबोर्डला लावला. दसऱ्याच्या सकाळी गाडी धुतली आणि हार घालण्याआधी अर्धी बाटली त्याच्यावर जिरवली. डॅशबोर्ड काळाभोर, नवाकोरा दिसायला लागला.

बायको पूजेचं तबक घेऊन खाली आली.

"अहो, गाडीला मालिश कसली करताय? माझ्या डोक्याचं तेल आहे ते."

"तडे जाऊ नयेत म्हणून."

"जाऊ देत तडे. समोरच्या काचेत बघा, सगळं चकाकतंय. पुसून काढा आधी."

"गाडी तू चालवतेस का?"

 तिने गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि ती वर गेली.

दुपारी आम्ही आपट्याची पानं द्यायला ऐरोलीला मेहुणीकडे गेलो. परतताना नाहूरच्या पुलावर चढलो तेव्हा सूर्य अगदी समोर होता. गाडीतला एसी केव्हाच बंद पडलेला, म्हणून खिडक्या उघड्या होत्या. उताराला लागलो आणि समोरची काच पांढरी झाली. बाहेरचं ऊन आणि तेलावरून उसळलेलं ऊन, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत. रस्ता दिसेना, पुढची रिक्षा दिसेना. तरीही मी गाडी थांबवली नाही. मागून हॉर्न वाजत होते, आणि थांबलो असतो तर बायकोचं सकाळचं बोलणं खरं ठरलं असतं. अंदाजाने मी पुढे जात राहिलो.

"अहो! बाई! बाई आहे पुढे!"

बायको इतक्या जोरात ओरडली की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडीला काहीतरी लागल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी दार उघडून उतरलो तेव्हा बंपरपुढे बघायची हिंमत होत नव्हती. आपण माणूस मारलं, एवढंच डोक्यात होतं.

बाई रस्त्यावर बसलेली होती. पांढरी साडी, विहारातून घरी निघालेली. गाडी तिच्या पिशवीला लागली होती आणि ती मागच्या मागे पडली होती. कोपर सोललेलं. लोक जमले, कोणीतरी माझी कॉलर धरली. बायकोने तिला उठवलं, पाणी पाजलं. बाई तिचा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही ओरडलात म्हणून मी मागे सरले. नाहीतर गेलेच होते."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिला दवाखान्यात नेऊन पट्टी बांधली, घरी सोडलं. मग उशीर का झाला म्हणून मुलाचा फोन आला, आणि मी म्हणालो, "काही नाही रे, गाडी जराशी लागली एका बाईला. तुझी आई एकदम ओरडली, माझं लक्ष उडालं." बायको शेजारच्याच सीटवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या दिवसापासून ती गाडीत एक शब्द बोलेनाशी झाली. मी सिग्नल चुकवला तरी गप्प. पुढे तिने गाडीत बसणंच सोडलं. गुडघ्यांच्या व्यायामाला ती रिक्षाने जाते. तडे काही थांबले नाहीत. तेलावर धूळ बसून नुसता चिकटा झाला. मी एकटा गाडी चालवतो तेव्हा प्रत्येक वळणाला अंग ताठ होतं. पुढे कोणी असलं आणि मला दिसलं नाही, तर सांगणारं कोण?

परवा मुलाचे सासू-सासरे जेवायला आले होते. मुलगा हसत म्हणाला, "आईला पुढच्या सीटवर बसवू नका, ठोकलीच म्हणून समजा." सगळे हसले. बायको खाली मान घालून भात वाढत होती. पुलावर भ्यालो त्याहून मी तेव्हा जास्त भ्यालो. ही असंच ऐकत जाईल आणि मी असाच जेवत राहीन, असं वाटलं.

मी ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. तेल, पांढरी झालेली काच, ती बाई काय म्हणाली ते, आणि मी फोनवर काय म्हणालो ते.

मुलाने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे आईने वाचवलं तिला?"

"हो."

"आणि यांना," ती म्हणाली. "भात घ्या, गार होतोय."

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, उद्या व्यायामाला गाडीने सोडू का.

"नको," ती म्हणाली. "रिक्षा बरी. मी ओरडले की रिक्षावाला निदान ऐकतो तरी."