नारायणची वही

कापसाचा भाव चढला त्या वर्षी अकोटच्या शाळेतून अमरावतीच्या मोठ्या इंग्रजी शाळेसाठी एकच मुलगा निवडला गेला. तो मी नव्हतो. तो अडत्याचा मुलगा नारायण होता.

आज दारावरून सरकीची गाडी गेली. तो तेलकट वास आला आणि परीक्षेआधीच्या आठवड्यातली एक दुपार आठवली.

भाव पाहून बापाने मला दोन महिने शाळेतून काढून वेचणीला लावले होते. नारायणच्या घरी मुंबईहून टपालाने इंग्रजी भावपत्रे येत. ती तोच बापाला वाचून दाखवी. घरचे कामच त्याचा अभ्यास होता, याने माझा सर्वांत जास्त जळफळाट होई.

त्या दुपारी तो वही घेऊन आमच्या वावरात आला. त्याची बोटे स्वच्छ होती. माझी बोंडांच्या टोकांनी फाटली होती.

"घे. दोन महिन्याचे सारे धडे उतरवले हायेत."

"मले नोको. तुह्या बापाच्या गादीवर ठेव."

"काहून बे? मी काय तुहा दुश्मन हावो?"

शेजारच्या ओळीतून आई ओरडली, "घे ना रे बाप्पा, एवढ्या दूर आलं पोरगं!"

मी पाठ फिरवून वेचत राहिलो. तो मिरवायला आला, असे तेव्हा वाटले. आता दिसते ते एवढेच, की तो उन्हात तीन कोस चालून आला होता.

परीक्षेत सात प्रश्न होते. पाच त्या दोन महिन्यांतल्या धड्यांवर होते. मी दोन सोडवले.