अंगठ्याची बिस्किटे आणि साहेबांचा शेरा

सांगते, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. घोट घशात असताना हसलात, तर पाठीवर थापा मारीत बसायला मला सवड नाही!

उभी हयात मी दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबडी रेघ ओढण्यात घालवली. आज एक रेघ माझ्या स्वतःच्या चुकीखाली ओढते. चूक कसली म्हणाल? बिस्किटांची. हो, बिस्किटांची!

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. वडवणीच्या अलीकडे एका खेड्यात मी मुलींची शाळा चालवीत असे आणि दुपारच्या वेळी मोठ्या बायकांचा एक वर्ग घेत असे. वर्गात अकरा जणी. रानातून यायच्या, हातपाय धुवायच्या आणि पाटीवर आपले नाव गिरवायच्या. हा वर्ग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते बीडहून मुआयन्याला, म्हणजे तपासणीला येणारे साहेब ठरवणार होते. माझा उत्साह पाहा: मी साहेबांना आधीच लेखी कळवून टाकले, ‘या वर्गाच्या दप्तरात यापुढे एकही अंगठा आढळणार नाही.’

वाक्य निर्दोष होते. म्हणूनच ते माझ्या गळ्यात इतके घट्ट बसले.

अंगठ्यावर माझा एवढा राग का? गयाबाईमुळे. नवरा वारल्यावर तिच्या दिराने एक कागद पुढे केला, “लाव वहिनी सहज,” म्हणाला आणि त्या एका अंगठ्यासरशी तिचे अर्धे रान त्याच्या नावावर गेले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. “बाई, मला माझं नाव शिकवा.” त्या दिवसापासून मी वर्गाला नियम घालून दिला: अंगठा कशालाही लावायचा नाही. कशालाही!

आता साहेब येणार, म्हणजे चहाबरोबर काहीतरी हवेच. पोहे कोणीही करील. पुण्याला शिक्षिकेचे शिक्षण घेत असताना तिथल्या एका मडमेने आम्हाला एक बिस्कीट शिकवले होते. लोणी, साखर आणि मैदा मळून गोळी करायची, मधोमध अंगठा दाबून खळगा पाडायचा, खळग्यात मुरंबा भरायचा आणि भाजायचे. ती कृती मी वहीत शब्दशः उतरवून ठेवली होती. मुरंब्याच्या जागी मी घरचा गुळांबा घेतला. तेवढी एकच सूट मी स्वतःला दिली.

मुआयन्याच्या दिवशी सकाळीच अकरा जणींना अंगणात बसवले, प्रत्येकीपुढे मळलेल्या पिठाची गोळी ठेवली आणि फर्मावले, “हं, आता मधोमध अंगठा दाबा.”

कोणी हलेना!

“अगं, दाबा ना!”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी गयाबाईने तोंड उघडले. “न्हाई दाबायचा, बाई.”

“का नाही?”

“तुमीच सांगितलं नव्हं, कशालाबी लावायचा न्हाई म्हणून?”

“अगं, तो कागदाला! हे पीठ आहे.”

“आज पीठ हाय. भाजल्यावर कडक व्हणार. मंग कागदात अन् त्याच्यात फरक तो काय ऱ्हायला?”

“अन् खाणार कोण? सरकारी साहेब!” साळूबाई मागून म्हणाली. ही गावातली सर्वांत धारदार जीभ. “सरकारच्या पोटात आपला अंगठा कशापायी घालायचा, बाई? उद्या गावठाण मागितलं म्हंजी?”

शिकवले मीच होते ना! मी समजावले, रागावले, छडीसुद्धा आपटली. उपयोग शून्य. मग गयाबाईने खराट्याची एक काडी मोडली, धुतली आणि तिच्या टोकाने गोळीवर सावकाश लिहिले: ‘गया’. पाठोपाठ दहा जणींनी काड्या मोडल्या. पाहता पाहता परातभर सह्या!

मी मात्र ठाम होते. वहीत अंगठा आहे, म्हणजे अंगठाच. दुसऱ्या परातीत मी माझी बारा बिस्किटे यथाशास्त्र केली. प्रत्येकाला अंगठा, प्रत्येकात गुळांबा. दोन्ही परातींच्या खाली निखारे, वर झाकण, झाकणावर पुन्हा निखारे.

काही वेळाने झाकण उचलून पाहते, तर बायकांच्या सह्या जशाच्या तशा, आणि माझे खळगे फुगून सपाट! गुळांबा कडेने ओघळून खदखदतो आहे. आणि अगदी त्याच क्षणी वेशीवरून बैलांच्या घुंगरांबरोबर ओरडा आला, “साहेबांची दमणी आली!”

काय करावे? मला मडमेचे शब्द आठवले: ‘खळगा बुजल्यास गरम असतानाच पुन्हा दाबावा.’ मी बाह्या सारल्या.

“बाई, थांबा!” गयाबाई ओरडली. “उकळता गूळ लई वाईट! पळीच्या दांड्यानं दाबा.”

“गयाबाई, वहीत पळी नाही. अंगठा आहे.”

आणि दाबला.

त्यानंतर मी जे ओरडले, त्याला व्याकरण नव्हते.

अंगठा आणि तर्जनी, दोन्ही भाजली. गयाबाईने मला धरले आणि भाजल्यावर शाई लावतात म्हणून माझी दोन्ही बोटे थेट शाळेच्या दौतीत बुडवली. थंड वाटले. बाकीचे विचार करायला वेळ कोणाला होता? साहेब दारात उभे!

साहेब हैदराबादकडचे, वयस्क आणि अदबशीर. चहा आला, बिस्किटे आली. माझी बारा त्यांनी नुसती पाहिली. बायकांचे एक उचलून मात्र ते डोळ्यांजवळ नेले.

“ये किन्ने लिखा?”

“म्या,” गयाबाई म्हणाली.

“वाह! खाने को दिल नहीं करता,” असे म्हणत त्यांनी तीन खाल्ली.

मग परीक्षा. त्यांच्याबरोबर आलेल्या पेशकाराने, म्हणजे कारकुनाने, हजेरीपट उघडला. एकेक बाई पुढे आली, पदर सावरून बसली, जीभ दातांत धरून सही केली आणि उठली. अकराच्या अकरा! अंगठा एक नाही. माझी मान अशी ताठ झाली की काय सांगू!

“अब सदर मुअल्लिमा की दस्तखत,” पेशकार म्हणाला. म्हणजे मुख्य शिक्षिकेची. म्हणजे माझी!

मी टाक उचलला. भाजलेल्या, शाईने अजून ओल्या असलेल्या बोटांनी तो धरवेना. निसटला, दौतीवर आपटला, दौत कलंडू लागली. हजेरीपट वाचवायला मी झेप घेतली आणि पान घट्ट दाबून धरले.

दौत वाचली. हात उचलला, तर माझ्या नावापुढच्या रकान्यात, अगदी बरोबर मधोमध, निळाशार, रेघन् रेघ स्पष्ट असलेला अंगठा!



“खोडते,” मी पुटपुटले.

पेशकाराने पान पुढे ओढले. “दप्तर में खाडाखोड मना है, बाई.”

हा नियम मी स्वतः त्या हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहिला होता. दोनदा अधोरेखित करून!

“और निशानी है, तो गवाह लगेगा,” साहेब गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या मिशा मात्र थरथरत होत्या. “कोई पढ़ा-लिखा गवाह.”

गयाबाई उठली. माझ्या अंगठ्याशेजारी बसली आणि हळूच विचारले, “बाई, ‘साक्ष’ कसं लिव्हायचं?”

मी सांगितले. तिने लिहिले, खाली सही केली, मग वाकून माझ्या अंगठ्याकडे पाहिले. “घाबरू नगा. ह्या कागदावर तुमचं रान जायचं न्हाई. म्या वाचून घेतलाय.”

साळूबाईने पदर तोंडात कोंबला होता, तरी हसू ऐकू आलेच.

साहेबांनी आपला शेरा उर्दूत लिहिला आणि मराठी उमजणाऱ्या पेशकाराला तो मराठीत मोठ्याने सांगायला लावला. तो मला आजही पाठ आहे: ‘अकरा बायका सही करतात. वर्गात फक्त एक बाई अंगठ्यावर आहे. ती सही शिकेपर्यंत वर्ग चालू ठेवण्यास मंजुरी आहे.’

वर्ग कित्येक वर्षे चालला. तो शेरा कोणी बदलला नाही. आणि तो बदलून घ्यावा, असे मीही कधी म्हटले नाही. सरकारी दप्तराप्रमाणे मी अजून शिकतेच आहे!